‘नाही’ ऐकू येईपर्यंत

अप्पा सकाळी म्हणाले, "गोळी घेतली." मी कॅलेंडरवर बरोबरची खूण केली आणि डबे भरायला लागले. साडेअकराला ते न्हाणीघराच्या उंबऱ्याशी खिळल्यासारखे उभे होते, पाय उचलेना. गोळी डबीतच होती. संध्याकाळी जरा मोकळे झाल्यावर ते म्हणाले, "मी नाही म्हणालो होतो." आणि ते खरं होतं. ते "गोळी घेतली नाही" असंच म्हणाले होते. शेवटचा शब्द माझ्यापर्यंत आलाच नव्हता.

आपल्या भाषेची ही एक खोड आहे. नकार वाक्याच्या शेपटाला लागतो. "जेवतो", "जेवत नाही", "जेवायचं नाही" यांतला फरक वाक्य संपता संपता कळतो, आणि कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, माणसाचा आवाज नेमका तिथंच विझतो. प्रश्नाचंही तसंच. "तू जेवलीस" हे सांगणं आहे की विचारणं, हे सुराच्या चढावर ठरतं. या आजारात सूर सपाट होतो. त्या दिवसानंतर आम्ही घरी जो सराव बसवला, तो इथं लिहिते आहे. निम्मा स्पीच थेरपिस्टनं शिकवलेला, निम्मा जेवणाच्या टेबलावर चुकत चुकत जमवलेला. बोलणाऱ्याचा सराव सगळेच सांगतात. ऐकणाऱ्यालाही तितकाच लागतो, हे आम्हाला उशिरा कळलं.

असं का होतं, ते थोडक्यात. मेंदूच्या खोल भागात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झडत जातात. हालचाल किती मोठी करायची याचं माप या यंत्रणेकडं असतं. माप बिघडलं की सगळंच आखूड होतं: पाऊल आखूड, अक्षर बारीक, चेहऱ्यावरचं हसू बारीक, आवाज बारीक. अप्पांची सही इतकी लहान झाली की बँकेत जुळेना, तेव्हाच खरं तर आवाजाकडं लक्ष द्यायला हवं होतं. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ मध्ये या आजारावर जो निबंध लिहिला, त्यात सहाच रुग्ण आहेत, आणि बोलणं जेमतेम समजण्याइतकं उरल्याची नोंद त्यातही आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये २०० रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा ८९ टक्क्यांच्या आवाजात काही ना काही दोष निघाला. म्हणजे हे एखाद्याच्याच वाट्याला येत नाही. लेव्होडोपा या औषधानं हातपाय सैल होतात; बोलणं त्याच प्रमाणात सुधारेल याची खात्री नसते. मेंदूत तारा बसवण्याच्या शस्त्रक्रियेनं कंप कमी होतो, पण काहींचं बोलणं त्यानंतर आणखी अस्पष्ट होतं.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे. त्यांना स्वतःला आवाज कमी झालाय असं वाटतच नाही. आपण हळू बोलतोय हे कळवणारा आतला काटाही बिघडलेला असतो. आपल्याला नीट ऐकू येईल इतक्या आवाजात ते बोलले, तर त्यांना आपण ओरडतोय असं वाटतं. म्हणून "अहो, जरा मोठ्यानं बोला" असं आई दिवसातून वीस वेळा म्हणायची आणि अप्पा चिडायचे, "तुझेच कान गेलेत." वर्षभर हे भांडण चाललं. शेवटी दोघांनाही कान-नाक-घसातज्ज्ञांकडं नेलं, तर आईला खरोखरच कमी ऐकू येत होतं. दोघांचंही बरोबर होतं.

त्यामुळे सरावाला बसण्याआधी एवढं करा. ज्यांना बोलायचंय त्यांचा घसा आणि स्वरतंतू एकदा तपासून घ्या. बसलेला प्रत्येक आवाज कंपवाताचाच असतो असं नाही. त्यांचे कान तपासा आणि त्यांच्याशी दिवसभर बोलणाऱ्या माणसाचेही. पाणी पिताना ठसका लागत असेल, किंवा जेवल्यावर आवाज घशात पाणी साचल्यासारखा ओला येत असेल, तर सराव बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना सांगा. तो गिळण्याचा प्रश्न आहे आणि अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. स्पीच थेरपिस्ट मिळत असेल तर सुरुवात त्यांच्याकडूनच करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळात ओळखीपाळखी होतात. गावाकडं जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करावी लागते.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली उपचारपद्धती अमेरिकेत १९८७ च्या सुमाराला लोरेन रेमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. ली सिल्व्हरमन नावाच्या एका रुग्ण बाईंचं नाव तिला दिलं आहे. बाईंच्या घरच्यांची मागणी एवढीच होती की त्यांचं बोलणं ऐकू यावं आणि समजावं. आठवड्यातून चार दिवस, चार आठवडे, रोज एक तास, अशा १६ बैठका. तिचं शहाणपण हे की जीभ, ओठ, श्वास, वेग असं दहा ठिकाणी लक्ष द्यायला सांगत नाहीत; सांगतात एकच, आवाज मोठा. आवाज मोठा केला की तोंड आपोआप जास्त उघडतं, शब्द जरा सावकाश येतात. ती शिकवायला प्रशिक्षित माणूस लागतो. आम्ही घरी करतो तो हा उपचार नव्हे, त्याच्या मागचा गृहपाठ.

वेळ ठरवा. गोळी घेतल्यावर साधारण पाऊण-एक तासानं अंग सैल असतं, तेव्हा बसा. टीव्ही, मिक्सर, पंख्याची घरघर बंद. पाठीला आधार आणि हात असलेली खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले. जवळ पाणी, एक वही, शाळेतली फूटपट्टी, आणि आवाज मोजणारं ॲप घातलेला फोन.

पहिली पायरी: मोजा, बोलू नका

फूटपट्टी ३० सेंटिमीटरची असते, म्हणूनच ती घ्यायची. ओठांपासून फोनपर्यंतचं अंतर रोज तेवढंच. त्यांना दोन मिनिटं सहज बोलू द्या आणि आकडा वहीत लिहा. आमच्या फोनवर अप्पांचं बोलणं ५८ डेसिबलच्या आसपास यायचं, आईचं ६८. फोनची ॲप अचूक नसतात, दुसऱ्या फोनवर दुसरा आकडा येईल. त्याच फोनवर, त्याच अंतरावर, कालच्यापेक्षा आज किती एवढंच पाहायचं. याचा मोठा फायदा असा की "मोठ्यानं बोला" हे आता माझं म्हणणं राहिलं नाही, आकड्याचं झालं. आकड्याशी भांडता येत नाही. मग तेच बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐकवा. बोलताना जे जाणवत नाही ते ऐकताना बरेचदा जाणवतं. पहिल्यांदा ऐकून अप्पांनी विचारलं, "हा कोण म्हातारा?"

दुसरी: आ

पोट फुगेल असा श्वास घ्यायचा आणि मोठ्या, स्वच्छ आवाजात "आ" धरायचा, जमेल तितका वेळ. किती सेकंद, ते वहीत. दहा वेळा, मध्ये दम खात. मानेच्या शिरा फुगल्या, आवाज चिरकला किंवा घसा दुखला, तर जोर चुकीच्या जागी लागतोय; थांबा. त्यानंतर "आ" खालच्या सुरातून वर न्यायचा, वरून खाली आणायचा, पाच-पाच वेळा. सपाट झालेल्या सुराला पुन्हा चढ-उतार लावायचा हा उपाय आहे. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आम्ही सांगितलं नव्हतं, आणि दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू धावत आल्या.

तिसरी: दहा वाक्यं

पुस्तकातली नकोत. ज्यांची त्यांनी निवडायची, रोज लागणारी. अप्पांच्या यादीतली काही: "टीव्ही बारीक कर." "चष्मा कुठं ठेवलाय?" "मला उठायचंय, हात दे." "आज भाजीत मीठ नाही." प्रत्येक पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ, समोर आकडा ठेवून. अप्पा ३२ वर्षं एसटीत कंडक्टर होते. दहावं वाक्य त्यांनी स्वतःच घातलं: "पुढं सरका, मागं जागा आहे." बाकीची वाक्यं ६२-६३ वर अडायची; हे एकदम ७२ वर गेलं. तो आवाज कसा काढायचा हे शरीराला ठाऊक होतं. मग आम्ही युक्ती केली: आधी "पुढं सरका" म्हणायचं आणि त्याच आवाजात लगेच "चष्मा कुठं ठेवलाय". तुमच्या माणसाचंही असं एखादं वाक्य असेल. शिक्षिकेचं "शांत बसा", शेतकऱ्याची बैलाला हाळी. ते शोधून काढा.

स्तोत्र म्हणायला लावावं असं सगळ्यांना सुचतं. आम्हीही रामरक्षेनं सुरुवात केली होती. चौथ्या-पाचव्या श्लोकापासून ती उतारावरच्या गाडीसारखी पळायला लागायची, शब्द एकमेकांवर चढायचे. पाठ झालेल्या गोष्टी लक्ष न देता म्हटल्या जातात, आणि या आजारात जे लक्ष देऊन केलं जातं तेच टिकतं. घाईनं बोलणाऱ्यांनी प्रत्येक शब्दाला टेबलावर एक बोट टेकवायचं. बोट पुढं जाईपर्यंत पुढचा शब्द नाही.

चौथी: ‘नाही’ पुढं आणा

यासाठी यंत्र लागत नाही, आणि आमच्या घरी सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. मराठी वाक्यात शब्द इकडचे तिकडे हलवता येतात. "गोळी घेतली नाही" ऐवजी "नाही घेतली गोळी". "मला भूक नाही" ऐवजी "नाही भूक मला". जो शब्द हरवला तर अर्थ उलटा होईल, तो भरलेल्या श्वासावर आधी काढायचा. प्रश्नाला सुरावर सोडायचं नाही, "काय" आधी: "काय, जेवलीस?" लांब वाक्याचे दोन तुकडे, मध्ये पुन्हा श्वास. सुरुवातीला हे बोलणं नाटकातल्यासारखं वाटतं. आठवडाभरात कानाला सवय होते.

गोळ्या, पडणं, दुखणं यांबद्दल मात्र एवढ्यावरही भागवायचं नाही. "घेतली, की नाही घेतली?" असं दोन्ही बाजूंनी विचारा आणि हाताच्या खुणेनं खात्री करा. खुणेला बोट नको, ते थरथरतं. आमच्याकडं तळहात उघडा म्हणजे हो, मूठ म्हणजे नाही.

पाचवी: एकाच पेपरच्या दोन प्रती

इथून ऐकणाऱ्याचं काम सुरू होतं. रोज एका पेपरच्या दोन प्रती घ्यायच्या, किंवा एका बातमीची झेरॉक्स काढायची. ते मोठ्यानं वाचतात; आपण आपल्या प्रतीत त्या त्या शब्दावर बोट ठेवत ऐकतो. फक्त ऐकायचं, दुरुस्त करायचं नाही. अस्पष्ट बोलणं ऐकताना समोर तोच मजकूर लिहिलेला असेल, तर कान त्या बोलण्याची घडण शिकतो, आणि पुढं मजकूर नसतानाही जास्त समजतं. यावर अभ्यास झालेले आहेत. कोकणातल्या सासरी गेलेल्या घाटावरच्या मुलीला पहिले दोन महिने सासूचं बोलणं निम्मं कळत नाही, मग एक दिवस सगळं कळायला लागतं, तसंच हे. सासू बदललेली नसते. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. घरात जितकी माणसं बोलतात तितक्यांनी आळीपाळीनं बसावं, नाहीतर एकच जण दुभाषा होतो आणि बाकीचे त्याच्याकडं बघत राहतात. आमच्याकडं ते मी झाले होते. दोन दिवस गावाला गेले तर घर मुकं व्हायचं.

सहावी: श्रुतलेखन

आठवड्यातून एकदा. त्यांनी दहा वाक्यं मनानं ठरवून आधी लिहून ठेवायची, लिहिता येत नसेल तर दुसऱ्या कुणाला हळूच सांगायची. मग ती आपल्याला म्हणून दाखवायची. आपण ऐकू आलं तसं लिहायचं, आणि शेवटी ताडून पाहायचं. चुका कुणाच्या म्हणून मोजायच्या नाहीत. कोणत्या जागी होतात ते पाहायचं. माझ्या वहीत महिन्याभरात नकाशाच तयार झाला. अप्पांचा ‘क’ मला ‘ग’ ऐकू यायचा आणि ‘प’ ‘ब’. ‘क’ म्हणताना स्वरतंतू क्षणभर गप्प व्हावे लागतात, ते तेवढे चपळ राहत नाहीत, आवाज मध्ये चालूच राहतो. ‘ख’, ‘घ’, ‘भ’ यांतला हवेचा झोत निघून जायचा, म्हणून भात ‘बात’ व्हायचा. हे कळल्यावर माझं ऐकणंच बदललं. "बाजी" म्हणाले तर मी आता शेजारच्या बाजीरावांचा विचार करत नाही, भाजी वाढते.

सातवी: एक घंटा, दोन घंटा

आता खऱ्या संभाषणातले नियम. समजलं नाही की आपण "काय?" म्हणतो. त्यावर त्यांना सगळं वाक्य पहिल्यापासून ओढावं लागतं, आणि दुसऱ्या खेपेला ते आणखी थकलेलं येतं. त्याऐवजी जेवढं कळलं तेवढं परत म्हणा आणि राहिलेलंच विचारा: "उद्या डॉक्टरांकडं, एवढं कळलं. किती वाजता?" कळल्यासारखं दाखवून मान हलवणं हा सगळ्यात मोठा अपमान आहे, ते लगेच ओळखतात आणि बोलणं सोडून देतात. आम्ही कंडक्टरची घंटा उचलली. टेबलावर एक टकटक म्हणजे थांबा, मला कळलं नाही. दोन म्हणजे कळलं, चला पुढं. एसटीतही एका घंटीला गाडी थांबते, दोनला सुटते. अप्पांना हे इतकं आवडलं की आई जास्त बोलायला लागली की तेच एक टकटक करतात.

समोर बसून बोला, उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडेल असं. चालता चालता बोलायला लावू नका. चालणं आणि बोलणं दोन्ही एकदम केलं की एक बिघडतं, आणि बिघडायचं ते चालणं असलं तर माणूस पडतो. चेहरा हलत नाही म्हणून मनातलं ओळखायला जाऊ नका. अप्पा रागावलेत असं समजून माझ्या मुलीनं आठवडाभर त्यांच्या खोलीत जाणं सोडलं होतं. विचारल्यावर ते म्हणाले, "मी तर हसत होतो."

आवाज फारच बसला असेल, संध्याकाळी तो बसतोच, तर अक्षरांचा तक्ता काढा. जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत स्वर आणि क, च, ट, त, प असे वर्ग ओळींनी. प्रत्येक शब्द म्हणताना त्याच्या पहिल्या अक्षरावर बोट. पहिलं अक्षर दिसलं की उरलेला शब्द कान भरून काढतो, आणि बोट शोधताना वेगही आपोआप उतरतो.

आठवी: आपलं बोलणं त्यांना कळतंय का

हे बहुतेक घरांतून राहून जातं. बोलणंच नव्हे, समजणंही काहींचं मंदावतं. बुद्धी गेलेली नसते. गुंतागुंतीचं वाक्य उलगडायला वेळ लागतो, आणि दुसऱ्याच्या आवाजातला राग, थट्टा, काळजी पटकन ओळखता येत नाही. आपल्या मराठीत तर आपण कर्ता यायच्या आधी निम्मी गोष्ट सांगून टाकतो: "काल सांगलीहून आलेल्या पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्यांचा डबा कुणी उघडला?" हेच असं म्हणा: "काल सांगलीहून पाहुणे आले. त्यांनी पेढे आणले. डबा कुणी उघडला?" एका वेळी एक प्रश्न. थट्टा करत असाल तर चेहऱ्यानं नव्हे, शब्दांनी सांगा. चार माणसं एकदम बोलत असली की ते गप्प होतात, त्याचा अर्थ त्यांना मत नाही असा काढू नका.

आणि थांबा. प्रश्न विचारल्यावर मनात एक ते दहा मोजा. उत्तर निघायला वेळ लागतो, आणि आपण पाचाला दुसरा प्रश्न टाकला की निघालेलं उत्तर पुन्हा आत जातं. मला हे सगळ्यात कठीण गेलं. शाळेत शिकवणाऱ्या बाईला शांतता सहन होत नाही.

शेवटी: फोन

फोनवर ओठ दिसत नाहीत, बोट दाखवता येत नाही, टकटक चालत नाही. म्हणून हा सराव महिना-दोन महिने बाकीचं जमल्यावरच. स्पीकर सुरू करून फोन दूर ठेवू नका, तोंडाजवळ धरा. काय सांगायचं ते आधी तीन वाक्यांत लिहून घ्या आणि एकदा म्हणून पाहा. पलीकडच्या माणसालाही सांगून ठेवा, की कळलं नाही तर "बरं बरं" म्हणायचं नाही.

सांगलीची आत्या अप्पांहून मोठी. वर्षभर ती त्यांच्या प्रत्येक वाक्याला "बरं, बरं" म्हणून फोन ठेवायची, आणि अप्पा म्हणायचे, "अक्काला काही कळत नाही." गेल्या चैत्रात तिनं जत्रेचं आमंत्रण द्यायला फोन केला. अप्पांनी कागद समोर धरला, श्वास घेतला आणि म्हणाले, "नाही येणार मी जत्रेला."

पलीकडं क्षणभर काहीच नाही. मग आत्या म्हणाली, "का रे नाही?"

कागदावर कारण लिहिलेलं नव्हतं. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी मनात आकडे मोजायला लागले.